आपत्कालीन पशुसंरक्षण (नंदुरबार जिल्हा)

आपत्कालीन पशुसंरक्षण म्हणजे वणवा, आग, पूर, साथरोग किंवा दुष्काळ अशा संकटाच्या वेळी पाळीव जनावरांचा जीव वाचवणे, त्यांना सुरक्षित ठिकाणी हलवणे, त्यांच्या चारा-पाण्याची व औषधोपचाराची सोय करणे आणि नुकसान झाल्यास त्यांच्या मालकांना पुन्हा उभे राहण्यास मदत करणे होय. महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे. जिल्ह्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या डोंगराळ व वनाच्छादित प्रदेशात मोडतो, बहुसंख्य कुटुंबे शेती व पशुपालनावर अवलंबून आहेत आणि अनेक पाड्यांपर्यंत अग्निशमन वाहन किंवा पशुवैद्यकीय पथक वेळेत पोहोचणे कठीण असते. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव याच जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. त्यामुळे प्राण्यांवरील संकट मालकांच्या उपजीविकेवर कसे कोसळते, याचे देशातील एक महत्त्वाचे उदाहरणही येथेच घडले.

== पार्श्वभूमी ==

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) असे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, तडवी व धानका हे येथील प्रमुख आदिवासी समाज होत. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते, तर तापी नदी शहादा व नंदुरबार या तालुक्यांच्या परिसरातून पश्चिमेकडे गुजरातमध्ये जाते.

सातपुड्यातील वस्ती एकवटलेल्या गावांची नाही. एक गाव अनेक पाड्यांत विभागलेले असते आणि पाड्यातील घरेही आपापल्या शेतात, एकमेकांपासून अंतर राखून बांधलेली असतात. लाकडी खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती आणि वर कौले किंवा गवत अशी घरांची पारंपरिक बांधणी आहे. गाय-बैल, शेळ्या व कोंबड्या यांना रात्री घराच्याच एका भागात किंवा घराला लागून असलेल्या पडवीत बांधण्याची पद्धत आहे. थंडी, चोरी व बिबट्यापासून त्यामुळे संरक्षण मिळते. मात्र घराला आग लागल्यास माणसे, जनावरे, धान्य आणि चारा हे सर्व एकाच वेळी धोक्यात येतात.

या भागात बैलजोडी हे शेतीचे मुख्य साधन असते, शेळी व कोंबडी ही अडीअडचणीला विकून रोख रक्कम उभी करण्याची सोय असते आणि कुत्रा हा घराचा व कळपाचा राखणदार असतो. उन्हाळ्यात जनावर गमावलेल्या कुटुंबाला पावसाळ्यापूर्वी दुसरी बैलजोडी घेता आली नाही, तर त्या वर्षीची पेरणीच अडचणीत येते. म्हणूनच येथील पशुसंरक्षणाचा विचार प्राण्यांविषयीच्या दयेपुरता मर्यादित राहत नाही.

== मालक व जनावर यांचे परस्परावलंबन ==

आपत्ती व्यवस्थापनात पूर्वी ‘आधी माणसे, मग जनावरे’ असा क्रम गृहीत धरला जात असे. माणसाच्या जिवाला प्राधान्य देण्याचे तत्त्व आजही कायम आहे. तथापि जनावरांची सोय नसेल, तर अनेक मालक सुरक्षित स्थळी जाण्यास नकार देतात किंवा एकदा बाहेर पडल्यावर जनावरांसाठी धोक्याच्या जागी परत जातात, असे जगभरातील अनुभवांतून दिसून आले आहे. अशा प्रसंगी जनावरांची व्यवस्था हाच मालकाचा जीव वाचवण्याचा मार्ग ठरतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णा-पंचगंगेला आलेल्या महापुरात गोठ्यातील जनावरे सोडून जाण्यास अनेक पशुपालक तयार नव्हते. बचावकार्यातील होड्या माणसांसाठी होत्या आणि म्हशी-गायींना नेण्याची सोय फारच थोड्या ठिकाणी होती. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा कोल्हापूरजवळील चिखली, आंबेवाडी यांसारख्या पूरप्रवण गावांतील लोकांनी पाणी वाढण्याआधीच जनावरांसह स्थलांतर केले. रस्ता खुला असताना जनावर चालत नेता येते, पण पाण्याने वेढा दिल्यावर त्याला होडीत घेणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे जनावरे असलेल्या कुटुंबाला इतरांपेक्षा लवकर निघावे लागते.

== आपत्तींचे प्रकार ==

=== वणवा ===

सातपुड्यातील वने मुख्यतः शुष्क पानझडी प्रकारची आहेत. साग, सालई, मोह, तेंदू, अंजन या वृक्षांची पाने हिवाळ्याच्या अखेरीस गळू लागतात आणि जमिनीवर वाळक्या पाल्याचा थर साचतो. राज्यात साधारणतः फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वणव्याचा हंगाम मानला जातो. शुष्क पानझडी वनातील बहुतेक वणवे जमिनीलगत पसरणारे असतात. त्यात पालापाचोळा, गवत व रोपे जळतात, मोठे वृक्ष सहसा उभे राहतात.

भारतातील बहुतांश वणवे मानवी कारणांनी लागतात. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवणे, नवे गवत फुटावे म्हणून कुरण जाळणे, शेताच्या बांधावरची आग आटोक्याबाहेर जाणे, जळती विडी टाकणे ही त्यांची नेहमीची कारणे आहेत. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ अन्वये गुन्हा आहे. जिल्ह्यातील वनांचे व्यवस्थापन नंदुरबार वनविभाग आणि तळोदा येथील मेवासी वनविभाग यांच्याकडे आहे. हंगामापूर्वी जाळरेषा काढणे, म्हणजे ठराविक रुंदीचा पट्टा साफ करून नियंत्रित रीतीने जाळणे, हा वनविभागाचा प्रमुख प्रतिबंधक उपाय आहे. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या साहाय्याने आगीची ठिकाणे ओळखून नोंदणी केलेल्यांना सूचना पाठवते.

वणव्याचा जनावरांना होणारा उपद्रव तीन प्रकारचा असतो. चरायला सोडलेला कळप आगीत वा धुरात सापडणे हा पहिला. आग बांधावरून पाड्यापर्यंत येऊन गोठा व चाऱ्याच्या गंजी पेटणे हा दुसरा. तिसरा परिणाम तत्काळ दिसत नाही. डोंगरउतारावरचे वाळलेले गवत जळून गेल्यावर पहिला पाऊस पडून नवे गवत येईपर्यंत चराईच उरत नाही. प्रत्यक्ष आगीतून वाचलेले जनावर या दोन-तीन महिन्यांत खंगते किंवा मिळेल त्या भावाने विकले जाते.

हंगामी स्थलांतरामुळे ही जोखीम वाढते. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडणी व इतर मजुरीसाठी गुजरातमध्ये किंवा राज्याच्या अन्य भागांत जातात आणि उन्हाळ्यात परततात. मागे राहिलेल्या वृद्धांवर व मुलांवर घर आणि जनावरे सांभाळण्याची जबाबदारी येते. वणव्याचा हंगाम आणि धडधाकट माणसे गावात नसण्याचा काळ यांचा काही भाग एकच आहे.

=== वस्तीतील आग ===

चुलीतील ठिणगी, विजेच्या तारांमधील बिघाड, चिमणी किंवा दिवा कलंडणे यांमुळे घराला आग लागते. कुडाची भिंत, माळ्यावर साठवलेले गवत आणि कडबा यांमुळे ती काही मिनिटांत सर्वत्र पसरते. अशा आगीत जनावरांचा मृत्यू होण्याचे एक मोठे कारण म्हणजे ती खुंट्याला बांधलेली असतात. मोकळे जनावर सहसा उघड्या वाटेने बाहेर पडते, परंतु घाबरलेले जनावर दावे ताणते व गाठ आणखी घट्ट बसते. धुरात, अंधारात, अशी गाठ हाताने सोडणे मालकाच्याही जिवावर बेतू शकते.

=== पूर व जलाशय ===

तापीच्या काठावरील शहादा व नंदुरबार तालुक्यांतील गावे, तसेच नवापूर तालुक्यातील रंगावली नदीचा परिसर पूरप्रवण आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूर तालुक्यात अतिवृष्टी होऊन रंगावलीला मोठा पूर आला व जीवित आणि मालमत्तेची हानी झाली. तापीवर प्रकाशा व सारंगखेडा येथे बंधारे असून त्यांच्या दरवाजांतून पाणी सोडण्याआधी काठच्या गावांना इशारा दिला जातो. नदीपात्रात चरणाऱ्या किंवा काठावर बांधलेल्या जनावरांसाठी हा इशारा महत्त्वाचा असतो. सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या सुमारास भरणारी एकमुखी दत्ताची यात्रा घोडेबाजारासाठी प्रसिद्ध आहे. हजारो जनावरे एका जागी येतात अशा वेळी आग, चेंगराचेंगरी आणि संसर्गजन्य रोग या तिन्हींची पूर्वतयारी आवश्यक ठरते.

नर्मदेच्या काठी संकटाचे स्वरूप निराळे आहे. सरदार सरोवर प्रकल्पामुळे मणिबेलीसह अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. बाधित कुटुंबांपैकी अनेकांचे पुनर्वसन तळोदा व शहादा तालुक्यांतील वसाहतींत झाले. डोंगरातील मोकळ्या चराईवर वाढलेली जनावरे सपाटीवरच्या मर्यादित जागेत पाळणे अवघड जाते, ही पुनर्वसितांच्या अडचणींपैकी एक आहे. काठावर राहिलेल्या पाड्यांचा बाहेरच्या जगाशी संपर्क बऱ्याच अंशी होडीने होतो, त्यामुळे आजारी जनावर दवाखान्यात नेणे हा प्रश्नच वेगळा बनतो.

=== साथरोग ===

२००६ च्या सुरुवातीला नवापूर परिसरातील कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत नमुन्यांची तपासणी होऊन १८ फेब्रुवारी २००६ रोजी एच५एन१ या विषाणूचा प्रादुर्भाव जाहीर करण्यात आला. बाधित क्षेत्रातील लाखो पक्षी मारून पुरण्यात आले, अंडी व खाद्य नष्ट करण्यात आले आणि वाहतुकीवर निर्बंध आले. तपासलेल्या माणसांमध्ये हा संसर्ग आढळला नाही, परंतु देशभर कोंबडी व अंड्यांची मागणी कोसळली. त्यानंतरच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातही हा रोग आढळला. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूर येथे बर्ड फ्लूचा पुन्हा प्रादुर्भाव झाला आणि पुन्हा मोठ्या प्रमाणावर पक्षी नष्ट करावे लागले.

या रोगाच्या नियंत्रणात मालकाचे सहकार्य निर्णायक असते. कोंबड्या मरत असल्याची बातमी लवकर कळली, तरच प्रसार रोखता येतो. दुसरीकडे, बातमी देणाऱ्याचे निरोगी दिसणारे पक्षीही नष्ट केले जातात. भरपाईची रक्कम योग्य असेल व ती वेळेवर मिळेल असा विश्वास नसेल, तर मालक पक्षी लपवतो, घाईने विकतो किंवा मेलेले पक्षी गुपचूप टाकून देतो. त्यामुळे भरपाई हा रोगनियंत्रणाचाच भाग समजला जातो.

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यातून सुरू झालेली लम्पी चर्मरोगाची साथ राज्यभर पसरली. प्राण्यांमधील संसर्गजन्य व सांसर्गिक रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले, जनावरांचे बाजार बंद करण्यात आले आणि गोवंशाचे मोफत लसीकरण करण्यात आले. मृत गायीसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० रुपये व वासरासाठी १६,००० रुपये साहाय्य देण्यात आले.

== कायदेशीर व प्रशासकीय चौकट ==

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधील ‘आपत्ती’च्या व्याख्येत मनुष्यहानी, मालमत्तेचे नुकसान आणि पर्यावरणाची हानी यांचा उल्लेख आहे. पाळीव प्राण्यांचा स्वतंत्र उल्लेख नाही. व्यवहारात जनावरांची गणना मालमत्तेत होते. या अधिनियमानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्ह्याची आपत्ती व्यवस्थापन योजना तयार करणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. जनावरांवरील उपचार, लसीकरण, चारा आणि मृत जनावरांची विल्हेवाट ही कामे पशुसंवर्धन विभाग महसूल यंत्रणा व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मदतीने पार पाडतो.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० याच्या कलम ३ प्रमाणे जनावराची योग्य काळजी घेणे हे ते ताब्यात असणाऱ्या व्यक्तीचे कर्तव्य आहे. आपत्ती निवारणासंबंधी २०१५ मध्ये जपानमधील सेंडाई येथे स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय आराखड्यात पशुधन व काम करणारी जनावरे यांच्या संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख असून भारताने तो आराखडा मान्य केला आहे.

पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी १९६२, वनविभागासाठी १९२६, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७, अग्निशमनासाठी १०१ आणि सर्व प्रकारच्या तातडीच्या मदतीसाठी ११२ हे दूरध्वनी क्रमांक राज्यात वापरले जातात.

== नुकसानभरपाई ==

आग, पूर, दुष्काळ, भूकंप, गारपीट इत्यादी अधिसूचित आपत्तींत जनावर दगावल्यास राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून साहाय्य मिळते. केंद्र शासनाच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीच्या निकषांनुसार त्याचे दर पुढीलप्रमाणे आहेत:

* दुभती गाय किंवा म्हैस : प्रत्येकी ३७,५०० रुपये
* शेळी किंवा मेंढी : प्रत्येकी ४,००० रुपये
* बैल, घोडा व उंट ही ओढकाम करणारी जनावरे : प्रत्येकी ३२,००० रुपये
* वासरू, गाढव, शिंगरू, खेचर : प्रत्येकी २०,००० रुपये
* कोंबडी : प्रत्येकी १०० रुपये, प्रति कुटुंब कमाल १०,००० रुपये

मोठ्या दुभत्या जनावरांसाठी तीन, लहान दुभत्या जनावरांसाठी तीस आणि ओढकामाच्या मोठ्या जनावरांसाठी तीन अशी प्रति कुटुंब मर्यादा आहे. हे साहाय्य मिळण्यासाठी मृत्यूची माहिती तत्काळ तलाठ्यास (सध्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास द्यावी लागते. पंचनामा व शवविच्छेदन अहवाल झाल्याशिवाय मृत जनावर पुरू नये, असे पशुपालकांना सांगितले जाते.

जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ला हा मालकीचा व ओळखीचा मुख्य पुरावा आहे. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीस मनाई करण्यात आली असून, बिल्ला नसलेले जनावर नैसर्गिक आपत्तीत दगावल्यास भरपाई अनुज्ञेय नाही, असा नियम करण्यात आला आहे. दुर्गम पाड्यांतील पशुपालकांच्या दृष्टीने बिल्ला मारून घेणे हे पूर्वतयारीतील पहिले काम ठरते.

== पूर्वतयारी ==

पशुधनासंबंधी आपत्कालीन मार्गदर्शक तत्त्वे व मानके (पहिली आवृत्ती २००९, तिसरी २०२३) या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात तसेच पशुवैद्यकीय मार्गदर्शनात पूर्वतयारीवर भर दिला जातो. नंदुरबारच्या परिस्थितीत पुढील बाबी उपयुक्त ठरतात.

'''दावे व गाठ''' : मराठीत सहज न सुटणाऱ्या गाठीला निरगाठ व एक टोक ओढताच सुटणाऱ्या गाठीला सुरगाठ म्हणतात. खुंट्याला दावे सुरगाठीने बांधल्यास धुरातही ते एका झटक्यात सोडता येते. नायलॉनचे दावे उष्णतेने वितळून कातडीला चिकटते, म्हणून सुती, तागाचे किंवा अंबाडीचे दावे अधिक सुरक्षित असते. गोठ्याच्या दाराशी विळा किंवा कोयता ठेवल्यास दावे कापता येते. ही पद्धत घरातील वृद्धांना व मुलांना माहीत असणे आवश्यक असते.

'''चारा''' : कडब्याची व गवताची गंजी घर, गोठा आणि विजेच्या तारा यांपासून दूर रचावी. संपूर्ण चारा एकाच ठिकाणी न ठेवता दोन-तीन ठिकाणी विभागल्यास एक गंजी जळाली तरी उरलेल्यावर काही आठवडे निभावता येते.

'''मोकळा पट्टा''' : फेब्रुवारीपूर्वी घर व गोठ्याभोवतीचा पालापाचोळा काढून काही मीटर रुंदीचा मातीचा पट्टा उघडा केल्यास जमिनीलगत येणारी आग तेथे थांबते. नांगरलेले शेत हेही असेच संरक्षण देते.

'''जागा व वाट''' : जनावरे कोठे न्यायची हे आधी ठरवावे. वणव्यासाठी नदी-नाल्याचे कोरडे पात्र, नांगरलेले शेत किंवा गावाचे मोकळे मैदान योग्य असते. पुरासाठी याच्या उलट, उंचावरची जागा लागते. एकच जागा दोन्ही संकटांना चालत नाही.

'''लसीकरण''' : पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषार आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार लाळ्या-खुरकूत या रोगांची लस दिलेली असल्यास छावणीत वा एकत्र कळपात साथ पसरण्याचा धोका कमी होतो.

'''नोंद''' : बिल्ल्याचा क्रमांक, जनावराचे छायाचित्र आणि अंगावरील खुणा यांची नोंद घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा भ्रमणध्वनीवर ठेवल्यास जनावर हरवले तरी ते ओळखता येते आणि भरपाईचा दावा करता येतो.

== आपत्तीच्या वेळी ==

वणवा चढावर वेगाने सरकतो, कारण ज्वाळा वरच्या बाजूचे गवत आधीच तापवून कोरडे करतात. त्यामुळे कळप डोंगरमाथ्याकडे हाकणे धोक्याचे असते. शक्य असल्यास त्याला आगीच्या बाजूने वळवून उताराकडे, नाल्याकडे किंवा आधीच जळून थंड झालेल्या जमिनीवर न्यावे. कळपातील पुढे चालणारे जनावर वळले की बाकीची त्याच्या मागे जातात. गळ्यातील घंटा धुरात जनावरे शोधण्यास उपयोगी पडते.

गोठ्याला आग लागल्यास दाराजवळच्या जनावरापासून सोडण्यास सुरुवात करावी, म्हणजे वाट मोकळी होते. बाहेर काढलेली जनावरे, विशेषतः घोडे, घाबरून ओळखीच्या जागी परत धावतात. म्हणून ती बाहेर आल्यावर गोठ्याचे दार बंद करावे किंवा त्यांना दूर हाकून द्यावे. डोळ्यांवर ओले फडके बांधल्यास बिथरलेला बैल किंवा घोडा चालता होतो. बांबूच्या डालग्यात असलेल्या कोंबड्या डालग्यासह उचलून नेता येतात. छप्पर पेटल्यानंतर मात्र आत शिरू नये.

पुराचे पाणी वाढत असताना जनावर नेणे शक्य नसेल, तर दावे सोडून गोठ्याचे दार उघडे ठेवावे. गायी-म्हशी पोहू शकतात, पण बांधलेले जनावर बुडते. निघण्याची वेळ रात्रीवर न टाकता दिवसाउजेडी निघणे श्रेयस्कर ठरते.

== आपत्तीनंतरची काळजी ==

भाजलेल्या जागेवर स्वच्छ, थंड पाणी काही वेळ सावकाश ओतावे. तेल, राख, शेण किंवा रंग लावू नये, त्यामुळे जखमेत संसर्ग होतो आणि पशुवैद्यकास भाजल्याची खोली समजत नाही. कास, सड, खुरांमधील जागा आणि डोळे यांची तपासणी करणे आवश्यक असते. तापलेल्या जमिनीवरून चाललेल्या जनावराच्या खुरांची इजा लगेच दिसून येत नाही, काही दिवसांनी ते लंगडू लागते. धाप, खोकला, नाकातोंडातून फेस ही धुराने फुप्फुसांना इजा झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा बैलाला पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय कामाला जुंपू नये.

उपाशी जनावरासमोर एकदम भरपूर चारा किंवा धान्य टाकल्यास पोटफुगी व अपचन होते, म्हणून खाद्य हळूहळू वाढवावे. पुरात भिजून बुरशी आलेला चारा देऊ नये. मृत जनावरे विहीर, ओढा व वस्तीपासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली जातात. ती उघड्यावर टाकल्यास पाणी दूषित होते आणि मोकाट कुत्री व वन्यप्राणी वस्तीकडे येतात.

वणव्यातून वस्तीत आलेले जखमी हरीण, ससा किंवा बिबट्याचे पिल्लू घरी ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बेकायदेशीर आहे. याची खबर वनविभागाला देणे अपेक्षित असते.

== कुत्री व मांजरे ==

शहरी भागात आपत्कालीन पशुसंरक्षण हा विषय मुख्यतः कुत्र्या-मांजरांशी जोडला जातो. नंदुरबार, शहादा, नवापूर यांसारख्या शहरांत घरात कुत्रा पाळणारी कुटुंबे आहेत, तर पाड्यांवर कुत्रा बहुधा मोकळा राहतो. भरपाईच्या निकषांत कुत्रा व मांजर यांचा समावेश नाही. त्यांच्यासाठी रेबीजची लस, गळपट्टा व दोरी, मांजरासाठी झाकणाची टोपली आणि काही दिवसांचे खाद्य ही तयारी पुरेशी असते. निवारा केंद्रात माणसांसोबत प्राणी ठेवता येत नसतील, तर जवळच वेगळी जागा आखून तेथे मालकांनाच देखभाल करू देणे हा मार्ग अनेक देशांत अवलंबिला जातो. साखळीने बांधलेला कुत्रा मागे ठेवून जाणे सर्वांत घातक समजले जाते.

== अन्यत्र अनुभव ==

ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेतील कतरिना चक्रीवादळात निवारा केंद्रांनी व बचाव वाहनांनी पाळीव प्राण्यांना प्रवेश नाकारल्यामुळे अनेक लोकांनी घर सोडले नाही. त्या अनुभवानंतर ऑक्टोबर २००६ मध्ये तेथे कायदा करण्यात आला. राज्य व स्थानिक शासनांच्या आपत्कालीन योजनांत पाळीव व साहाय्यक प्राणी असणाऱ्या व्यक्तींच्या गरजांचा विचार करणे त्यामुळे आवश्यक ठरले. वारंवार वणवे लागणाऱ्या कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये डेव्हिस येथील विद्यापीठात पशुवैद्यकांचे राज्यस्तरीय आपत्कालीन पथक स्थापन झाले.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव प्रामुख्याने दुष्काळातील चारा छावण्यांचा आहे. २०१२-१३ व २०१८-१९ च्या दुष्काळांत मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रात अशा छावण्यांत लाखो जनावरे राहिली आणि अनेक ठिकाणी मालकही त्यांच्यासोबत मुक्कामाला होते. मालक व जनावर यांना एकत्र ठेवणारी व्यवस्था उभारता येते, हे या छावण्यांनी दाखवले आहे. आग किंवा पूर यांसारख्या अचानक येणाऱ्या संकटात मात्र अशी व्यवस्था काही तासांत उभी करावी लागते.

== मर्यादा ==

सातपुड्यातील विखुरलेल्या पाड्यांमध्ये भ्रमणध्वनीचे जाळे व रस्ते अपुरे असल्याने मदत क्रमांकांचा उपयोग मर्यादित राहतो. आगीचे पहिले काही मिनिटांचे काम घरातील व शेजारच्या माणसांनाच करावे लागते. भरपाईचे दर कुटुंबाला नवीन जनावर घेण्यास हातभार लावतात, परंतु बाजारातील चांगल्या बैलजोडीची किंमत त्यातून पूर्णपणे भागत नाही. वणव्यात जळालेल्या चराईसाठी मृत जनावराप्रमाणे ठरावीक दराची भरपाई नाही. स्थलांतरित कुटुंबाच्या गैरहजेरीत जनावर दगावल्यास वेळेत पंचनामा होणेही कठीण जाते. या कारणांमुळे दूरच्या यंत्रणेवर विसंबण्यापेक्षा पाड्यावरील पूर्वतयारीला, म्हणजे सुरगाठ, विभागलेला चारा, साफ केलेला पट्टा, कानातील बिल्ला आणि लवकर निघण्याची सवय यांना, या जिल्ह्यात अधिक महत्त्व प्राप्त होते.